पायी पाहिलेला आपला जिल्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला बाहेरगावचे कोणी मोठे नाव बोलवावे, असा आपला आजवरचा प्रघात. यंदा कार्यकारिणीने तो मोडला आणि घरचेच माणूस उभे केले. "तुम्ही चार-पाच जणी सुटीच्या दिवशी पायी कुठे कुठे भटकता, तेवढे सांगा," अशी आज्ञा झाली. मी विदुषी नाही आणि वक्ती तर नाहीच नाही. पण मंडळाची आज्ञा मोडण्याची सोय नसते, हे आपण सगळ्याच जाणतो. तेव्हा जे पाहिले, जे वाचले आणि जे विचारून घेतले, ते आपल्यापुढे ठेवते.

प्रवासवर्णन म्हटले की आपल्याला काश्मीर, केरळ, निदान महाबळेश्वर तरी आठवते. यवतमाळ जिल्ह्याचे प्रवासवर्णन कोणी ऐकवील, अशी कोणाची अपेक्षा नसते. बाहेरगावी लग्नकार्यात "मी यवतमाळची" असे सांगितले, तर समोरची बाई जरा थांबते आणि तिच्या चेहऱ्यावर कणव दिसते. कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढीच आपल्या जिल्ह्याची ओळख वर्तमानपत्रांनी तिच्यापर्यंत पोचवली आहे. ते दुःख खरे आहे, ते मी झाकणार नाही. पण एखाद्या घरात आजारी माणूस आहे म्हणून त्या घराला अंगण नाही, विहीर नाही, तुळस नाही, असे थोडेच होते? आपल्या लेकरांनाही वाटू लागले आहे की पाहण्यासारखे काही असेल तर ते दुसरीकडे. हे ऐकून मला वाईट वाटते, म्हणूनच आज हा विषय घेतला.

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणू या. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. वर्धा येते सातपुड्यातून, मुलताईकडून. पैनगंगा निघते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात. दोघी दोन दिशांनी आपल्या जिल्ह्याला कडेवर घेतल्यासारख्या वळसा घालतात आणि वणी तालुक्याच्या टोकाला एकमेकींना भेटतात. मधला भाग उंच, टेकड्यांचा. आपले यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, म्हणून उन्हाळ्यातली आपली संध्याकाळ नागपूर-चंद्रपूरपेक्षा थोडी सुसह्य. या उंचवट्यावर पडलेला पाऊस चहूकडे उतरतो, कुठे वर्धेकडे, कुठे पैनगंगेकडे. हा उतार ध्यानात ठेवा. माझे पुढचे सगळे बोलणे या उताराचेच आहे.

उताराच्या माथ्यावर असतो माळ. आपल्या शहराच्या नावातला 'माळ' हा जुन्या 'महाल' शब्दाचा अपभ्रंश असल्याचे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने म्हटले आहे. 'महाल' म्हणजे परगणा. ते खरे असेलही. पण गावाबाहेर पडून निळोण्याच्या बाजूला किंवा दारव्ह्याच्या वाटेला लागलात, तर तुम्हाला महाल दिसत नाही, माळच दिसतो.

पहिल्यांदा माळावर गेलेली बाई म्हणते, "इथे काय आहे? काहीच तर नाही!" मला स्वतःला माळ आवडतो तो सकाळी, दव पडलेले असताना. वितभर मातीखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला कधी कधी षटकोनी भेगा पडतात. आपल्याच जिल्ह्यात शिबला-पार्डीजवळ २०२१ साली रस्त्याचे काम चालू असताना असे घडवल्यासारखे दगडी खांब उघडे पडले. लोकांना वाटले, जुन्या देवळाचे खांब सापडले. भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितले, हे देऊळ माणसाने बांधलेले नाही.

त्या कातळावरच्या वितभर मातीत गवत उगवते. 'गवत' हा शहरातला शब्द. गुराख्याला विचारा, तो कुसळ वेगळे दाखवील, पवन्या वेगळे, मारवेल वेगळे आणि तिखाडी तर नुसत्या वासावरून ओळखील. तिखाडीची काडी चुरगळून हुंगून पाहा. या गवताचे तेल अत्तराच्या धंद्यात जाते. गवताच्या बुंध्याशी लावे, तित्तर. उघड्या जागी धाविक पक्षी धावत सुटतो आणि एकदम उभा राहतो. चंडोल गात गात वर चढतो, इतका वर की गाणे ऐकू येते आणि गाणारा दिसत नाही. पखुर्डीची जोडी अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही, मातीचाच रंग असतो तिला. ससे आहेत, रोही आहेत, लांडगाही आहे. एके काळी वर्धेपलीकडे वरोरा-भद्रावतीच्या बाजूला माळढोक दिसत असे. आज सबंध देशात माळढोक दीडशेच्याही आत उरले आहेत आणि बहुतेक राजस्थानात. जो पक्षी माळावरच अंडे घालतो, त्याचा माळ नांगरला की त्याने जायचे कुठे?

सरकारी दप्तरात या जमिनीला आपल्याकडे 'ई क्लास' म्हणतात. बोलताना सरळ 'पडीक' म्हणून मोकळे होतात. पडीक म्हणजे जिचा कोणाला उपयोग नाही ती. पण भगिनींनो, याच जिल्ह्यात या गवतापायी माणसे तुरुंगात गेली आहेत! १९३० साली महात्माजींनी मीठ उचलले. आपल्याकडे समुद्र कुठला? तेव्हा वणीला जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी मिठाऐवजी गवत निवडले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह सुरू केला. पुढे तो विदर्भभर आणि त्याबाहेर पसरला. ज्या सरकारने चाऱ्यावर आणि लाकूडफाट्यावर कुलूप घातले होते, त्याला एक विळा पुरेसा झाला. ज्या गवताची पेंढी मिठाच्या चिमटीइतकी मोलाची ठरली, त्या गवताच्या जमिनीला आपण आज 'काहीच नाही' म्हणतो.

आता माळावरून खाली उतरू. पाऊस कातळावर सरळ पडला तर घटकाभरात वाहून जातो आणि जाताना माती घेऊन जातो. गवतावर पडला तर पात्यांनी अडतो, मुळांशी मुरतो, कातळाच्या भेगांतून हळूहळू खाली सरकतो आणि दिवाळीनंतरही कुठे तरी नाल्याच्या काठी पाझरत राहतो. नाल्याच्या रेतीत हाताने खड्डा केला की त्यात पाणी गोळा होते, त्याला आपल्याकडे झिरा म्हणतात. उन्हाळ्यात झिऱ्याकाठी वाटी घेऊन बसलेली बाई मी पाहिली आहे. एक वाटी भरली की गुंडात ओतायची आणि पुढची वाटी भरण्याची वाट पाहायची. ती जे पाणी उपसते, ते वरच्या माळावर पडलेल्या पावसाचे असते.

हे खेड्यातले झाले, असे शहरातल्या बाईने समजू नये. २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला आणि आपल्याच गल्लीत टँकर आला की बादल्या-घागरींची रांग लागे. त्या रांगेत वकिलीणबाईही होत्या आणि धुणेवालीही होती. आदल्या वर्षीचा पाऊस कमी झाला, हे खरेच. पण धरणात पाणी येते ते वरच्या माळावरून आणि टेकड्यांवरून. तिथले गवत गेले की पाण्याच्या जागी गाळ येऊन बसतो. नळाला मूळ असते, भगिनींनो, आणि ते गवतात असते. पाठ्यपुस्तकात मी हे वाचले असेन, पण पटले ते निळोण्याच्या वरच्या अंगाला पायी चढून गेले तेव्हा.

आपल्या जिल्ह्यात नैसर्गिक सरोवर म्हणावे असे काही नाही. जे मोठे पाणी दिसते ते माणसाने अडवलेले आहे. बाभुळगावकडे बेंबळा, दिग्रसला अरुणावती, पुसदजवळ पूस आणि पैनगंगेवर हिंगोलीच्या हद्दीला लागून इसापूरचे मोठे धरण. या पाण्याखाली गावे आहेत, देवळे आहेत, चुली आहेत. तळ्याकाठच्या गावात एखादी म्हातारी पाण्याकडे बोट करून "आमचं घर तिथं होतं" म्हणते, तेव्हा 'काय सुंदर देखावा' हे शब्द तोंडातच राहतात. तरीही देखावा सुंदर असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि चालत गेलेल्या माणसाला त्या दोन्ही कळतात. मोटारीतून जाणाऱ्याला एकच दिसते.

पाणी जसजसे ओसरते तसतसा काठ उघडा पडतो. त्या ओल्या गाळात माणसे पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. नदीच्या पात्रात टरबूज, डांगर, काकडी लावतात. त्याच ओल्या पट्ट्यात हिवाळ्यात पाहुणे उतरतात. चक्रवाकांच्या जोड्या असतात, नारिंगी अंगाच्या. चमच्यासारख्या चोचीने चिखल गाळणारे थापट्या बदक असते. विदर्भाच्या मोठ्या तलावांवर पट्टकदंब हंसही येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते हिमालयाच्या पलीकडून, पर्वत ओलांडून येतात. माझ्याबरोबरच्या एका सुनबाईंनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून ही आपल्या बेंबळ्याला येतात आणि मी वीस वर्षे बाभुळगावच्या रस्त्याने जाऊन कधी खाली उतरले नाही!"

दक्षिणेला उमरखेड तालुक्यात गेलात तर पैनगंगेचे खरे रूप दिसते. मुरली गावाजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे. अलीकडचा काठ यवतमाळचा, पलीकडचा नांदेडचा. काळ्या कातळावरून नदी अनेक धारांनी कोसळते, म्हणून सहस्रकुंड. पावसाळ्यात काठावर उभे राहवत नाही, तुषारांनी अंग भिजते. उन्हाळ्यात गेले तर कातळच कातळ आणि मधून एखादी धार. वर इसापूरला पाणी अडले असल्याने नदीचे वाहणे तिच्या एकटीच्या मर्जीवर राहिलेले नाही. त्याच परिसरात पैनगंगा अभयारण्याचे जंगल आहे. सागवान, ऐन, धावडा, मोहा, तेंदू, चारोळी. सागाची पाने गळू लागली की त्या जंगलात आवाज न करता चालणे अशक्य. पानांवरून पाली गेली तरी वाटते, कोणी मोठे जनावर आले.

मोठ्या जनावराची गोष्ट निघालीच, तर टिपेश्वरकडे वळू. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडले. अभयारण्याच्या आत पायी हिंडण्यास परवानगी नाही. वनखात्याच्या नियमाप्रमाणे वाहनात बसून, वाटाड्याबरोबरच जावे लागते, आणि ते योग्यच आहे. आम्ही पायी फिरलो ते बाहेरच्या गावांच्या बाजूने, गावकऱ्यांना विचारून, उन्हे वर आल्यावर.

या टिपेश्वरात २०१६ च्या सुमारास एक वाघ जन्मला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात बिनतारी संदेश देणारा पट्टा बांधला. जूनमध्ये, आपला पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, तो घर सोडून निघाला. यवतमाळमधून नांदेड, तिथून तेलंगणातले आदिलाबाद, परत महाराष्ट्र, हिंगोली, वाशीम, अकोला, असे करत डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली! लोकांनी त्याचे नावच 'वॉकर' ठेवले, म्हणजे चालणारा. त्याला हवे होते हक्काचे रान आणि सोबतीण. रान मिळाले, भक्ष्य मिळाले, सोबतीण मात्र तिथे नव्हती. २०२४ च्या अखेरीला टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंगच्या रानात जाऊन पोचला.

आपण पंढरीच्या वारीला पायी चालणाऱ्यांचे कौतुक करतो, तसे मला या वाघाचे वाटते. पण कौतुकापुढे जाऊन विचार करा. तो चालला कुठून? सलग जंगल तर त्या वाटेवर नाही. तो चालला नाल्यांच्या काठाने, कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांतून, कालव्याच्या कडेने आणि माळावरून, बहुतेक रात्रीच्या वेळी. ज्या जमिनीला आपण 'काहीच नाही' म्हटले, ती त्याची वाट होती. माळ, नाला, तळे आणि जंगल हे आपण नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी रंगवतो. चालणाऱ्याला ते एकच घर असते. त्याच्या चार खोल्यांतली एक बंद केली, की बाकीच्या तिघींचा उपयोगही अर्धा होतो.

मात्र त्याच वाटेवर आपल्या बायकाही चालतात, हे विसरून चालणार नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याचे सांगण्यात आले आणि त्यांचा ठपका एका वाघिणीवर आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. देशभर त्यावर वाद झाला. वाघिणीच्या बाजूने बोलणारे शहरात होते आणि भिऊन बसलेले गावात होते. मी त्या वादाचा निकाल देण्यास येथे उभी नाही. एवढेच सांगते की त्या भागातल्या बाईला पहाटे उठून शेतात जावेच लागते आणि वाघिणीला पिल्लांसाठी शिकार करावीच लागते. दोघींच्या वाट्याची जमीन आपण इतकी तोकडी केली की त्या एकमेकींसमोर आल्या. दोष देणे सोपे असते. जमीन मोजणे अवघड असते.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सूर्य उगवण्याआधी बाया रानात जातात, दुपारपर्यंत पाने खुडून आणतात, सावलीत बसून पुडकी बांधतात. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांचे एक पोते. हिशेब करा, एका पोत्याला सत्तर हजार पाने! त्याआधी मोह वेचायचा, पुढे चारोळी. पावसाळ्यात काटवल, तरोटा, कुरडू. हे वेचण्याचा हक्क वनहक्क कायद्याने २००६ साली मान्य केला. पण कायदा होण्याच्या किती तरी आधीपासून या बायांचे पाय ती वाट चालत आले आहेत.

झरी जामणीच्या बाजूला एका कोलाम पोडावर आम्ही थांबलो होतो. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी भाषा मराठीहून अगदी वेगळी, तेलुगू-गोंडीच्या कुळातली, पण आमच्याशी त्या आपल्या वऱ्हाडीत बोलत होत्या. एका वयस्क बाईंनी आमच्या पिशव्यांकडे पाहून विचारले, "काय वेचाले आल्या, बाई?"

मी म्हटले, "काही नाही, मावशी. असेच चालायला आलो."

त्यांना ते पटले नाही. "काईच नाही? मंग एवढं काऊन चालून रायल्या?"

आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. खरेच, बाई उगाच चालते का कधी? आपण आयुष्यभर किती चालतो, याचा हिशेब मांडला तर वॉकर वाघ लाजेल. पाण्याला, सरपणाला, दळणाला, शाळेला, बाजाराला, दवाखान्याला. पण प्रत्येक वेळी डोक्यावर किंवा कडेवर काही तरी असते, निदान मनावर तरी असतेच. मोकळ्या हाताने, कोणाच्या कामासाठी नव्हे, केवळ पाहण्यासाठी चाललेली बाई दिसली की लोक विचारतात, "कुठे निघाल्या?" आणि आपल्यालाही उत्तर देता येत नाही, म्हणून आपण एखादी पिशवी घेऊनच निघतो!

दुर्गाबाई भागवत तरुणपणी गोंडांच्या मुलखात अभ्यासासाठी हिंडल्या. त्या काळी एकट्या बाईने रानात हिंडणे म्हणजे केवढे धाडस असेल! मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी असताना विदर्भाच्या जंगलांत आयुष्य वेचून २०२५ साली आपल्यातून गेले. त्यांनी पक्ष्यांची, झाडांची किती तरी नावे रानातल्या माणसांच्या तोंडून टिपून मराठीला दिली. मी या दोघांची नावे घेते ती बरोबरी करण्यासाठी नव्हे. विद्या पुस्तकात असते तशीच ती पोडावरच्या मावशींच्या तोंडातही असते आणि ती घ्यायला पायीच जावे लागते, एवढे ध्यानात यावे म्हणून घेते. मावशींनी त्या दिवशी आम्हाला एका नाल्याच्या प्रत्येक वळणाचे वेगळे नाव सांगितले. सरकारी नकाशात त्या नाल्याला एकही नाव नाही. ज्याला नाव नसते ते बुजवणे सोपे जाते, हे मला तेव्हा उमगले.

आता शेवटची आणि कामाची गोष्ट. मंडळापुढे मी दोन सूचना मांडते.

पहिली अशी, की ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत दर महिन्याला एकदा मंडळातर्फे पायी सहल काढावी. पाच-सहा मैलांहून अधिक नको. पहिली निळोण्याच्या माळावर, दुसरी बेंबळ्याच्या काठी, पुढे जमेल तशी सहस्रकुंडापर्यंत. सासवांनी सुनांना आणावे, आणि सुनांनी सासवांना. खर्च फारसा नाही. पायात जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट, नवे नकोत. नऊवारी असो, पाचवारी असो की सलवार, पाय मोकळा पडला पाहिजे. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि घरचे पाणी. निघण्याआधी गावच्या माणसांना आणि लागेल तिथे वनखात्याला विचारावे. वाघाच्या भागात पहाटे आणि दिवेलागणीला जाऊ नये, एकटीदुकटीने जाऊ नये. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटावी. मोठ्याने गाणी लावू नयेत, प्लॅस्टिकचा एक कागदही मागे ठेवू नये. आणि एक वही न्यावी. तिथल्या बायकांना विचारून गवतांची, झाडांची, नाल्यांची, टेकड्यांची नावे तीत लिहावी. पाच वर्षांत ती वही या स्मरणिकेहून मोलाची होईल.

दुसरी सूचना जरा कडू आहे. आपल्यापैकी बहुतेकींची सासर-माहेरची गावे याच जिल्ह्यात आहेत. तिथला ई क्लास माळ ग्रामसभेच्या एका बैठकीत खाणीला, वीज प्रकल्पाला किंवा रोपवनाला देऊन टाकण्याचे ठराव येतात. कधी ते गरजेचेही असतील, मी विकासाच्या आड येणारी नाही. पण त्या बैठकीला आपल्यापैकी कोणी तरी उभे राहून विचारावे: या माळाचे पाणी कोणत्या नाल्याला जाते? तिथे गुरे कोणाची चरतात? सरपण कोण आणते? हे प्रश्न तिलाच विचारता येतील, जी तो माळ चाललेली आहे. न पाहिलेल्या जागेसाठी कोणी भांडत नाही. लोकनायकांच्या जिल्ह्यात एवढे विचारण्याची आपल्याला मुभा असावी, आणि नसली तरी घ्यावी.

आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर? मी ते अलीकडे असे देते: "मावशी, वेचायलाच आलो. तुमच्याजवळची नावे वेचायला."

पहिल्या सहलीच्या दिवशी सकाळी सात वाजता मंडळाच्या दाराशी मी उभी असेन. ज्यांना पाय आहेत त्यांनी यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बेंबळ्यापर्यंत मोटारीने यावे आणि काठावर बसून हंस मोजावेत, तेही काम आहेच.